दिवे लागल्यानंतरची दहा मिनिटं

सिनेमा संपतो, पडद्यावर नावं वर सरकायला लागतात आणि खोलीतलं कुणीतरी पहिलं वाक्य बोलतं. "बरा होता." "जरा ताणलाय." "शेवट काही झेपला नाही बुवा." किंवा नुसतंच "चला, पानं घ्या." आठवड्याचा एक वार ठरवून पाच-सात जणांनी एकत्र सिनेमा बघायचा हा सगळा उद्योग खरं तर त्या पहिल्या वाक्यासाठी असतो. एकट्याने मोबाइलवर बघताना ते वाक्य जन्मालाच येत नाही. नावं सुरू झाली की कोपऱ्यात पुढच्या सिनेमाची चौकट उगवते, पाच, चार, तीन, दोन, आणि आपण पुढे ढकलले जातो.

या पहिल्या वाक्याची गंमत अशी की त्यातलं निम्मं सिनेमाविषयी नसतंच. ते जेवणाविषयी असतं, पाठीमागच्या लोडाविषयी असतं, आवाजाविषयी, पुढे बसलेल्याच्या डोक्याविषयी असतं, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. "संथ आहे" हा तर आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त शेरा. तो आला की दिग्दर्शकाला बोल लावण्याआधी घड्याळाकडे बघावं.

शुक्रवारी जेवणं उरकून, ओटा आवरून साडेनऊला सिनेमा लावला की सव्वादोन तासांचा सिनेमा मध्यंतर धरून बाराला संपतो. म्हणजे ज्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी आधीचे पावणेदोन तास रचलेले असतात, तो अर्धा तास आठवडाभर राबलेली आणि नुकताच तूप-भात जेवलेली माणसं साडेअकरानंतर बघतात. साडेअकरानंतर कुठलाही सिनेमा संथच असतो. त्यापेक्षा सातला घावन, उपमा, थालीपीठ असं काहीतरी अर्धपोटी खायचं, साडेसातला सिनेमा लावायचा आणि जेवण दहाला, सिनेमानंतर. उशिरा जेवणं ज्यांच्या तब्येतीला चालत नाही त्यांचं ताट आधी. बाकीच्यांनी थांबावं, कारण सिनेमावरचं खरं बोलणं सोफ्यावर होत नाही, पानावर होतं. आमटी वाढता वाढता माणूस जे बोलतो ते त्याचं खरं मत.

वेळेनंतर आवाज. चित्रावर लोक पैसे खर्च करतात आणि आवाज टीव्हीच्या पाठीत बसवलेल्या, भिंतीकडे तोंड करून असलेल्या दोन चपट्या स्पीकरांवर सोडून देतात. चित्र थोडं फिकट असलं तरी पाच मिनिटांत डोळा सरावतो. संवाद नीट ऐकू आला नाही तर कान सरावत नाही, नुसता थकतो. त्या थकव्याचं भाषांतर पुन्हा "संथ" किंवा "काही कळलं नाही" असंच होतं.

सगळ्यात जास्त आढळणारा बिघाड असा: पार्श्वसंगीत दणदणीत, गाड्यांचे हॉर्न दणदणीत, आणि माणसं बोलायला लागली की जणू शेजारच्या खोलीत बोलतायत. मग रिमोट हातात धरून दर दोन मिनिटांनी आवाज वरखाली. स्पीकर बिघडलेला नसतो. सिनेमाचा ध्वनी सहा वाटांनी येतो आणि संवाद बहुतेक सगळे मधल्या वाटेवर असतात. घरात स्पीकर दोनच, पण टीव्हीला किंवा त्याला जोडलेल्या डबीला सांगितलेलं असतं की आपल्याकडे सहा आहेत. ती बिचारी मधली वाट नसलेल्या स्पीकरकडे पाठवून मोकळी होते. सेटिंगमध्ये आवाजाच्या यादीत जाऊन "पीसीएम" किंवा "स्टिरिओ" निवडलं की माणसं पुन्हा खोलीत येतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर "नाइट मोड" नावाची सोय बहुतेक यंत्रांत असते. ती मोठे आवाज दाबते आणि लहान आवाज उचलते. एखाद्या युद्धपटाचा दरारा तिने कमी होतो, पण फ्लॅटमध्ये तो तसाही खालच्या मजल्यावरच्यांनाच जास्त जाणवतो.

दुसरा बिघाड ब्लूटूथचा. बिनतारी स्पीकरवर आवाज एक-दशांश ते पाव सेकंद उशिरा पोचतो. गाणी ऐकताना ते कळत नाही. सिनेमात ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. गंमत म्हणजे खोलीतल्या बऱ्याच जणांना काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण नटाचं काम "खोटं" वाटायला लागतं. अशा वेळी वीस-पंचवीस फुटी तार आणून स्पीकर सरळ जोडावा. विंडोजच्या संगणकावर व्हीएलसी या प्रोग्रॅमने सिनेमा लावत असाल तर 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज पुढेमागे करता येतो, दर दाबेला ५० मिलिसेकंद. दरवाजा आपटतो असा एखादा क्षण शोधायचा, तोच तोच चार वेळा लावायचा आणि आपटणं जुळेपर्यंत कळ दाबायची. टाळी वाजली तर आणखी सोपं.

तिसरी गोष्ट खोलीची. चकचकीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेची खिडकी अशा हॉलमध्ये आवाज घुमतो आणि व्यंजनं पुसली जातात. 'पाच' की 'सात' कळेनासं होतं. जाड सतरंजी अंथरली, खिडकीचा पडदा ओढला आणि मागच्या भिंतीशी गाद्या-उशा रचल्या की निम्मा घुमारा जातो. स्पीकर कोपऱ्यात ठेवू नये, तिथे खर्ज फुगतो. जमिनीवरही नको, स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, खाली जाड टॉवेलची घडी. मग सिनेमातल्या तीन जागा आधी ऐकून घ्यायच्या: पहिला संवाद, सगळ्यात गोंगाटाची जागा आणि कुजबुज. कुजबुजीचे शब्द शेवटच्या रांगेत कळले की आवाजाला पुन्हा हात लावायचा नाही. आणि हे करताना पंखा चालू ठेवायचा, कारण नंतर तो चालू असणारच आहे.

चित्राचं त्यामानाने लवकर आटपतं. शंभर इंची म्हणतात ते माप कर्णाचं असतं. प्रत्यक्ष चौकट रुंदीला सव्वासात फूट आणि उंचीला चार फुटांहून इंचभर जास्त. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ लिहिला असेल तर या रुंदीसाठी तो पावणेनऊ फूट मागे ठेवावा लागतो. आधी फूटपट्टी, मग खरेदी. प्रोजेक्टर तिरका ठेवून चित्र यंत्राच्या आतून सरळ करण्याची सोय असते, पण ती चित्राच्या कडा कापून, उरलेल्याचा मेळ घालून सरळ करते; अक्षरं भुरकट होतात. चार पुस्तकं खाली घालून यंत्रच सरळ ठेवलेलं बरं. चित्राची खालची कड जमिनीपासून किमान साडेतीन फूट हवी. सतरंजीवर बसलेल्या माणसाचं डोकं तीन फुटांच्या आसपास येतं आणि सबटायटलं नेमकी त्या उंचीला असतात.

टीव्हीवर बघत असाल तर एकच काम, पण ते केल्याशिवाय पहिला सिनेमा लावू नये. चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' असा शब्द असलेलं जे काही असेल ते बंद करायचं. कंपनीगणिक नाव वेगळं, खोड तीच. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा असतो. टीव्ही त्यांच्या अधेमधे मनाची चित्रं घुसडून हालचाल गुळगुळीत करतो. परिणाम असा की जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा सामुराई संध्याकाळच्या मालिकेतल्या सुनेसारखा दारातून आत येतो. "काहीतरी सीरियलसारखं वाटतंय" हे वाक्य आलं तर बोलणाऱ्याची नजर चांगली आहे असं समजावं आणि रिमोट घ्यावा.

पट्ट्यांवरूनही दर वेळी कुरकुर होते. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की घरातलं एक माणूस हमखास म्हणतं, "फुल स्क्रीन कर ना." तसं केलं की डाव्या-उजव्या टोकाला उभी असलेली माणसं कापली जातात. जुन्या सिनेमांत उलट: पट्ट्या दोन्ही बाजूंना. १९५३ चा 'श्यामची आई', ज्याला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, तो जवळजवळ चौकोनी चौकटीसाठी काढलेला आहे. तो ओढून रुंद केला की कोकणातल्या त्या गरीब घरातली सगळी माणसं खाऊनपिऊन सुखी दिसायला लागतात. दारिद्र्याची कळ लागत नाही ती अशानेच.

सबटायटलांचा घोळ मात्र तपशिलाने सांगायला हवा, कारण परभाषेतला सिनेमा पडतो तो बहुधा इथे. सबटायटल आवाजाशी जुळत नसेल तर आधी एक गोष्ट बघायची: फरक तेवढाच राहतोय की वाढत चाललाय? तेवढाच असेल तर सोपं; व्हीएलसीत 'जी' आणि 'एच' कळांनी पुढेमागे करून टाका. वाढत असेल तर ती फाइल वेगळ्या गतीच्या प्रतीसाठी बनलेली आहे. सेकंदाला पंचवीस चित्रांच्या प्रतीची सबटायटलं चोवीसच्या प्रतीला लावली की पहिल्या मिनिटाला अडीच सेकंदांचा, दहाव्या मिनिटाला पंचवीस सेकंदांचा आणि तासाभराने अडीच मिनिटांचा फरक पडतो. तोवर खून व्हायच्या आधीच खुनी कबुली देऊन बसलेला असतो. कळा दाबून हे सुधारत नाही. दुसरी फाइल शोधावी, किंवा 'सबटायटल एडिट' या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गती बदलून घ्यावी. दोन मिनिटांचं काम आहे, फक्त ते शुक्रवारी साडेसातला नव्हे, गुरुवारी करायचं.

मराठी किंवा हिंदी सबटायटलं पेनड्राइव्हवरून थेट टीव्हीला दिली की कधी अक्षरांऐवजी चौकोन दिसतात, कधी ऱ्हस्व वेलांटी अक्षर सोडून पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून पडतात. चौकोन दिसत असतील तर फाइल नोटपॅडमध्ये उघडायची. तिथे अक्षरं नीट दिसली तर ती 'यूटीएफ-८' प्रकारात पुन्हा साठवून बघायची. वेलांटी भरकटत असेल तर दोष टीव्हीच्या अक्षरजुळणीत आहे, तिथे फाइल बदलून उपयोग नाही. सिनेमा संगणकावर लावून तारेने टीव्हीवर आणायचा. आणि ज्यांचा वाचायचा वेग कमी आहे त्यांना सबटायटलं वाचून दाखवणाऱ्या उत्साही माणसाला मागे बसवायचं. वाचून दाखवलेला संवाद पडद्यावरच्या संवादाला खातो. आजीला वाचन जमत नसेल तर त्या आठवड्याला तिच्या भाषेतला सिनेमा घ्यावा, तिच्यावर इराणी सिनेमाचा उपकार करू नये.

खाण्याचं म्हणाल तर सिनेमाचा पहिला शत्रू कुरमुऱ्याच्या पिशवीचा आवाज. चिवडा असो, वेफर असोत, पिशवी बाहेर फोडायची आणि वाट्यांत वाढून मगच आत आणायचं. मक्याच्या लाह्या हे त्यातल्या त्यात निरुपद्रवी खाणं. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल, चिमूटभर हळद आणि तीन दाणे. तिन्ही फुटले की अर्धी वाटी दाणे टाकायचे, अर्धं मिनिट आचेवरून बाजूला ठेवायचे म्हणजे सगळे सारखे तापतात, मग पुन्हा आच आणि झाकण किंचित कलतं. पूर्ण बंद झाकणात वाफ कोंडते आणि लाही चामट होते. दोन फुटण्यांत दोन-तीन सेकंदांचं अंतर पडलं की गॅस बंद. मीठ मिक्सरला पिठासारखं बारीक केलेलं हवं, जाडं मीठ तळाला जातं. खाली न फुटलेले दाणे फार राहत असतील तर दोष आचेचा नाही, दाणे जुने होऊन वाळलेत. दाण्याच्या आतल्या पाण्याची वाफ होते म्हणून तो फुटतो. पाणीच उडालं तर काय फुटणार? बरणीभर दाण्यांत चमचाभर पाणी घालून, हलवून, घट्ट झाकून दोन-तीन दिवस ठेवले की बरेचसे पुन्हा कामाला लागतात.

आता मध्यंतर. आपले सिनेमे मध्यंतर धरून लिहिले जातात, बाहेरचे नाही. त्यामुळे कुणाला तरी उठायचंय म्हणून मध्येच थांबवलं की एखादा ताण नेमका नको तिथे तुटतो, आणि मग दुसरा भाग "तितका जमला नाही" असं मतांच्या वहीत (तिच्याविषयी पुढे) येतं. सिनेमा लावणाऱ्याने आधीच एक जागा हेरून ठेवावी, दृश्य बदलतं तिथे, साधारण अर्ध्याच्या जरा पुढे. चहा थर्मासात तयार, थांबणं दहा मिनिटं. कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' २०७ मिनिटांचा आहे आणि त्याने स्वतःचं मध्यंतर सोबत आणलेलं आहे. तो शुक्रवारी रात्री लावू नये, रविवारी दुपारी तीनला लावावा.

फोन बाजूला ठेवा हे सगळेच सांगतात. त्यामागचं खरं कारण वाजणारा फोन नाही. "ह्याला कुठेतरी पाहिलंय" म्हणून नटाचं नाव शोधायला गेलेलं माणूस तिथे सिनेमाचा शेवट वाचून येतं, आणि मग पुढचा तासभर त्याचा चेहरा सगळ्यांना शेवट सांगत राहतो.

सिनेमा कोण निवडणार यावरून जमलेले गट मोडतात. पाळी लावावी. ज्याची पाळी त्याने मंगळवारपर्यंत नाव, साल आणि लांबी एवढंच कळवायचं; गोष्ट सांगायची नाही, झलक दाखवायची नाही. प्रत्येकाला वर्षातून एकदा नकाराचा हक्क. आणि निवडणाऱ्याने शेवटच्या रांगेत बसावं, कारण आपण सुचवलेला सिनेमा बघताना माणूस सिनेमा बघतच नाही, इतरांचे चेहरे बघतो आणि "आता बघा हं" म्हणतो. हे "आता बघा" खोलीतल्या प्रत्येकाच्या वाट्याचा तो क्षण काढून घेतं.

नव्या गटाला सुरुवातीला काय दाखवावं असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: सिडनी ल्युमेटचा १९५७ चा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. ९६ मिनिटं, जवळजवळ सगळा एकाच खोलीत, खटल्याचा निकाल ठरवायला बसलेली ज्यूरीची बारा माणसं, एक निकाल. मध्यंतर लागत नाही आणि संपल्यावर कुणी गप्प बसूच शकत नाही, कारण प्रत्येकाने आपला एक ज्यूरर पकडलेला असतो. ज्यांनी बासू चॅटर्जींचा 'एक रुका हुआ फ़ैसला' पाहिलाय त्यांना गोष्ट ठाऊक असते, तरी बिघडत नाही. त्यांना कॅमेऱ्याकडे लक्ष ठेवायला सांगावं. सुरुवातीला तो डोळ्यांच्या पातळीच्या वर असतो, मध्ये समोर येतो आणि शेवटच्या भागात खाली जातो. छत दिसायला लागतं, भिंती जवळ येतात. "श्वास कोंडल्यासारखं झालं" असं कुणी म्हणेपर्यंत कारण सांगू नये. आधी त्याला म्हणू द्यावं, मग कारण.

इथे वहीचं काम येतं. दोनशे पानी साधी वही. तारीख, सिनेमा, साल, कुणी निवडला, आणि प्रत्येकाचं एक वाक्य. बोलायच्या आधी लिहायचं, हा एकच नियम कडक पाळावा. कारण पहिला बोलणारा बाकीच्यांची मतं रंगवून टाकतो, आणि आपल्या घरांत पहिला बोलणारा बहुधा वयाने मोठा असतो. काका "अगदीच टुकार" म्हणाले की भाच्याला जे भिडलं होतं ते तो आवंढ्याबरोबर गिळतो. म्हणून लिहून झाल्यावर वाचायचंही लहानापासून मोठ्याकडे. तारे, गुण, पाचपैकी साडेतीन असलं काही नको, सहा महिन्यांनी 'साडेतीन' वाचून काहीही आठवत नाही, "ती किल्ली तिने फ्रीजवर का ठेवली?" वाचून अख्खा सिनेमा उभा राहतो. 'छान', 'बरा' आणि 'बोअर' हे तीन शब्द बाद. आणि शाळेतल्या तात्पर्याच्या सवयीने "यातून काय घ्यायचं?" विचारणाऱ्याला उलट विचारावं, "आत्ता डोळे मिटलेस तर काय दिसतंय?" उत्तर बऱ्याचदा गोष्टीतलं नसतं. पायऱ्या दिसतात, हात दिसतो, रिकामी खुर्ची दिसते.

जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' ही या वहीची कसोटी. १९५३ चा, १३६ मिनिटांचा. ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी टोकियोतल्या मुलांकडे राहायला येतात. मुलगा डॉक्टर, त्याला पेशंट. मुलीचं पार्लर, तिला गिऱ्हाईक. मुलं त्यांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे पाठवून देतात. एक दिवस रजा काढून शहर दाखवते ती विधवा सून. यात कुणी दुष्ट नाही, कुणी आवाज चढवत नाही. या सिनेमाच्या दिवशी खुर्च्या काढून सगळ्यांनी जमिनीवर बसावं, कारण कॅमेराही चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीला ठेवलेला आहे. सतरंजीवरून बघितलं की आपण त्या घरात पाहुणे होतो. पहिलं वाक्य काय येतं ते वयावर ठरतं. साठीपुढचे "मुलं इतकी का कोरडी" म्हणतात. चाळिशीतले गप्प बसतात, मग त्यातलं एखादं हळूच म्हणतं की दवाखाना बंद ठेवून तो तरी काय करणार होता. सहा-सहा महिने मुलाकडे परदेशात राहून आलेलं जोडपं त्या खोलीत असेल तर त्यांच्याकडे वही शेवटी द्यावी आणि त्यांनी काही लिहिलं नाही तर मागू नये.

सिनेमा बघून बोलण्याची ही सवय आपल्याकडे नवी नाही. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, १९५९ साली अशा संस्थांचा देशपातळीवरचा महासंघ झाला, मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ आणि पुण्यात १९८५ साली आशय फिल्म क्लब सुरू झाला. त्याआधी आणि त्याच काळात गल्लीतल्या गणपतीत सोळा एमएमचे, म्हणजे सोळा मिलिमीटर रुंदीच्या फितीवरचे, सिनेमे दाखवले जात. सोळाशे फुटांचं एक रीळ ४४ मिनिटं चालतं. प्रोजेक्टर एकच, म्हणून रीळ बदलताना सक्तीची विश्रांती आणि त्यात भरपूर बडबड. रस्त्यात आडव्या बांधलेल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना लोक बसत. मागच्या बाजूला नावं उलटी दिसत आणि नायक डावखुरा. मागून पाहिलेल्यांची मतं पुढून पाहिलेल्यांपेक्षा वेगळी असत की काय, हे कुणीतरी तपासायला हवं होतं.

आजही सोसायटीच्या गच्चीवर असं जमवायचा मोह होतो. तिथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ओटीटीची वर्गणी घरापुरती असते. चारचौघांना खुल्या जागी दाखवायचं तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्यावी लागते. आणि उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणजे मे महिन्यात पुरता अंधार पडायला पावणेआठ वाजणार असतील तर हाताशी सव्वादोन तास. दोन तासांच्या आतला सिनेमा निवडा.

दर दोन-तीन महिन्यांनी एक शुक्रवार वहीविना जाऊ द्यावा. त्या दिवशी 'अशी ही बनवाबनवी'. पडद्यावरच्यांच्या आधी खोलीतले संवाद म्हणतात, कुणाला काही समजून घ्यायचं नसतं. १९८८ पासून हा सिनेमा लोक बघत नाहीत, तोंडपाठ म्हणतात. त्यावर प्रतिक्रिया विचारणं म्हणजे आरतीवर अभिप्राय मागण्यासारखं आहे.

राहता राहिला दिव्याचा विषय. स्विचबोर्डाजवळ कोण बसणार हे ठरवून ठेवावं आणि ते माणूस उतावळं नसावं. नावं सुरू झाल्याबरोबर फटकन ट्यूबलाइट लागली की ओल्या डोळ्यांची माणसं चेहरे सावरतात, आणि चेहरा सावरला की वाक्यही सावरलेलं येतं. आधी स्वयंपाकघरातला दिवा लावावा, त्याचा उजेड दारातून तिरका येऊ द्यावा, हॉलचा दिवा नावं संपल्यावर. 'फँड्री'सारख्या सिनेमाला हे फारच लागतं. डुक्कर पकडायला धावणारं ते कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे स्वर येताच जागच्या जागी उभं राहतं तेव्हा खोलीत कुणी तरी हसतं, कुणाचं तरी हसू अर्ध्यात अडकतं. आणि शेवटी त्या कुटुंबातला मुलगा जब्या जो दगड भिरकावतो तो कॅमेऱ्याच्या, म्हणजे सतरंजीवर बसलेल्यांच्याच दिशेने येतो. त्यानंतरचा अंधार सिनेमाचाच आहे. त्यात आपला दिवा लावायचा नसतो. त्या रात्री वहीत फार कमी लिहिलं जातं. एखाद्याने नुसता "लागला" असा एक शब्द लिहिला तर तो तसाच राहू द्यावा.

चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'च्या वेळी स्विचबोर्डापाशी बसलेल्याला आधी बाजूला घेऊन सांगायलाच हवं. २०१४ साली व्हेनिसला दोन पुरस्कार मिळवलेला हा सिनेमा. लोकशाहीर नारायण कांबळेवरचा खटला, तारखांमागून तारखा, कॅमेरा एका जागी ठेवून दिलेला. जवळजवळ दोन तासांनंतर कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, दार बंद होतं आणि पडदा काळा होतो. काळाच राहतो. खोलीत पाय मोकळे करायची सळसळ सुरू होते, वाट्या गोळा व्हायला लागतात, कुणाचा तरी हात बटणाकडे जातो. त्या हाताने थांबायचं. कारण पुढे उजेड होतो तो न्यायाधीशांच्या सहलीचा. रिसॉर्ट, हिरवळ, बाकावर लागलेली डुलकी, आणि झोपमोड करणाऱ्या पोरांपैकी हाताशी सापडलेल्या एकाला बसलेली थप्पड. मग खरोखरच नावं येतात. आता कुणालाच खात्री नसते, म्हणून कुणी उठत नाही, आणि वही फिरते तेव्हा निदान दोघा-तिघांनी तरी एकच शब्द लिहिलेला असतो: "संपला?"